बातमी एकाची, नाव दुसऱ्याचं : मजकूर उचलला गेला तर छोट्या पोर्टलनी करायचं काय?

बेळगाव : समजा, खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडेच्या एखाद्या गावात रात्री हत्ती शिवारात शिरला आणि भात तुडवून गेला. सकाळी वार्ताहर मोटारसायकल काढतो, कच्च्या रस्त्यानं गावात पोचतो, शेतकऱ्याशी बोलतो, वनखात्याच्या कर्मचाऱ्याला गाठतो, फोटो काढतो आणि रेंज मिळेल तिथं थांबून बातमी पाठवतो. पोर्टलवर ती लागते. अर्ध्या तासात तीच वाक्यं, तोच फोटो आणखी चार ठिकाणी. वार्ताहराचं नाव गायब, लोगो कापलेला, आणि घाईत राहून गेलेली शुद्धलेखनाची चूक मात्र जशीच्या तशी उतरलेली.

छोटं पोर्टल चालवणाऱ्या कुणालाही हे चित्र नवीन नाही. यावर सहसा दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, 'जाऊ दे, इंटरनेटवर टाकलं की ते सगळ्यांचंच.' दुसरी, फेसबुकवर जाऊन समोरच्याचा उद्धार करायचा आणि मोकळं व्हायचं. पहिली समजूत कायद्याला धरून नाही. दुसऱ्या उपायानं मन हलकं होतं, पण मजकूर जागचा हलत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ हा छोट्या पोर्टलच्याही बाजूनं उभा राहू शकतो. पण तो संरक्षण देतो ते लिहिलेल्या शब्दांना आणि काढलेल्या फोटोला. घडलेल्या घटनेवर तो कुणाचीच मालकी मानत नाही. शिवाय तो आपणहून धावून येत नाही. बातमी लागण्याआधी दोन-तीन साध्या गोष्टी करून ठेवलेल्या असल्या, तरच तो वेळेला उपयोगी पडतो.

नुकसान नेमकं कशाचं?

पैशाचं नुकसान लगेच दिसतं. वाचक नकलेवर गेला की जाहिरातीचं उत्पन्नही तिकडेच जातं. शोधयंत्राला मूळ कोणतं आणि नक्कल कोणती हे दर वेळी कळतंच असं नाही. मोठ्या साइटनं उचललेली बातमी वर दिसते आणि मूळ बातमी दुसऱ्या पानावर ढकलली जाते, असंही होतं.

त्याहून मोठं नुकसान दुरुस्तीचं. सकाळी मिळालेला आकडा चुकीचा निघाला तर जबाबदार वार्ताहर दुपारपर्यंत तो बदलतो. नकला करणारा पुन्हा मागे वळून बघत नाही. चुकीचा आकडा चार ठिकाणी तसाच राहतो आणि महिन्याभरानं कुणी शोधलं की तोच आधी सापडतो.

सीमाभागात आणखी एक धोका आहे. इथं शीर्षकातला एक शब्द पुरेसा होतो. मूळ बातमीत 'वादावादी' असेल आणि नकलेत तिचा 'हल्ला' झाला, तर मराठी-कन्नड वातावरण तापायला वेळ लागत नाही. मग विचारपूस सुरू होते ती मूळ वार्ताहराकडून, कारण गावानं त्यालाच फोटो काढताना पाहिलेलं असतं. ज्यानं शीर्षक बदललं तो दुसऱ्या जिल्ह्यात, कदाचित दुसऱ्या राज्यात बसलेला असतो. म्हणून मजकूर कुणी उचलला याची नोंद ठेवणं हा मानापमानाचा विषय न समजता वार्ताहराच्या सुरक्षेचा विषय समजला पाहिजे.

या मुद्द्यावर कायद्याचं कलम ५७ कामाला येतं. लेखकाला आपलं नाव लागण्याचा हक्क आहे, आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मजकुराची मोडतोड रोखण्याचाही. हक्क दुसऱ्याला विकल्यावरसुद्धा हे दोन हक्क लेखकाकडेच राहतात.

घटना सगळ्यांची, मांडणी लिहिणाऱ्याची

इथं अनेकांची गल्लत होते. 'ही बातमी पहिल्यांदा आम्ही दिली' एवढ्यावर कुणाला थांबवता येत नाही. हत्ती आला, भात तुडवलं, पंचनामा झाला, ही माहिती कुणाच्याही मालकीची नाही. दुसऱ्या पोर्टलनं ती वाचली, स्वतः दोन फोन लावले आणि आपल्या शब्दांत लिहिली तर ती चोरी ठरत नाही. पहिल्याचा उल्लेख करणं हा सभ्यपणा झाला.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात ही रेषा स्पष्ट आखलेली आहे. गंमत म्हणजे तो खटला प्रांतवादावरच्या नाटकाचा होता. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की, 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या नाटकाची नक्कल आहे. दोन्हीकडे वेगवेगळ्या प्रांतांतल्या कुटुंबांचे एकमेकांविषयीचे पूर्वग्रह हाच विषय. न्यायालयानं सांगितलं की कल्पनेवर, विषयावर, ऐतिहासिक वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर असतो. दोन्ही कलाकृती पाहणाऱ्या सामान्य माणसाला 'ही तर त्याचीच नक्कल' असं स्पष्ट वाटलं पाहिजे. नाटककार तो खटला हरले.

दुसरा निकाल डिसेंबर २००७ चा, ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक. नुसते कष्ट उपसले म्हणून कॉपीराइट मिळत नाही, त्यात थोडीतरी स्वतःची बुद्धी आणि निवड दिसली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं. पोर्टलच्या कामाला हा निकाल थेट लागू पडतो. बाजार समितीतले कांद्याचे दर, धरणाची पाणीपातळी, बसचं वेळापत्रक यांची नुसती यादी कुणी उचलली तर तक्रारीत दम राहत नाही. कांद्याचा दर का पडला याचा दोन परिच्छेदांचा खुलासा कुणी शब्दशः उचलला, तर ती तक्रार टिकते.

फोटोचा प्रश्न त्यामानानं सोपा. फोटो ही स्वतंत्र कलाकृती आहे. छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिला संरक्षण आहे. काळ्या दिनाच्या फेरीत शंभर जण फोटो काढतील आणि शंभरही फोटो आपापल्या मालकाचे. त्यातला एक उचलून खाली 'सौजन्य : सोशल मीडिया' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. 'साभार' या शब्दालाही तेच लागू. आभार मानण्याआधी विचारावं लागतं.

'हक्क राखीव' ही ओळ कशासाठी?

मजकुराला संरक्षण मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं, त्या क्षणापासून हक्क निर्माण होतो. मग साइटच्या तळाशी 'सर्व हक्क राखीव' कशाला लिहायचं, असं कुणी विचारेल. उत्तर कायद्यातल्या एका दुर्लक्षित तरतुदीत आहे.

कलम ५२(१)(एम) नुसार चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख दुसऱ्या वृत्तपत्राला, मासिकाला किंवा नियतकालिकाला पुन्हा छापता येतो. अट एकच, लेखकानं पुनर्मुद्रणाचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसावा. म्हणजे सीमाप्रश्नावर, ऊसदरावर किंवा मराठी शाळांच्या प्रश्नावर कुणी मेहनतीनं लेख लिहिला आणि हक्क राखीव असल्याचं कुठंच म्हटलं नाही, तर उचलणाऱ्याला बचावासाठी आयती फट मिळते.

साइटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिण्यापेक्षा प्रत्येक लेखाखाली लेखकाच्या नावासह ही ओळ देणं जास्त सुरक्षित. उदाहरणार्थ : 'या लेखाच्या पुनर्प्रकाशनाचे व भाषांतराचे हक्क लेखकाकडे राखीव.'

याच कलमात वाचक आणि इतर पत्रकारांसाठी योग्य सवलतीही आहेत. टीका, परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी मजकुराचा वाजवी वापर करता येतो. 'अमुक पोर्टलनं दिलेल्या बातमीनुसार' असं म्हणून दोन वाक्यं उद्धृत केली आणि लिंक दिली, तर त्याला चोरी म्हणता येणार नाही. आठशे शब्दांचा लेख पूर्ण उतरवून शेवटी लिंक दिली, तर ती लिंक बचावाला पुरत नाही.

भाषा बदलली तरी नक्कलच

सीमाभागात मजकूर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज जातो. मराठी बातमीचं कन्नड किंवा कोकणी, कन्नड बातमीचं मराठी. फोनमधल्या भाषांतर-ॲपमुळे तर आता दुसरी भाषा यायचीही गरज उरलेली नाही. अनेकांना वाटतं की भाषा बदलली म्हणजे मजकूर नवा झाला.

कायदा तसं मानत नाही. भाषांतर करण्याचा हक्क कलम १४ नुसार मूळ हक्कदाराचाच आहे. परवानगीशिवाय वाक्यावाक्यानं केलेलं भाषांतर हे उल्लंघनच. हा नियम दोन्ही दिशांनी चालतो, हे मराठी पोर्टलनीही लक्षात ठेवावं. कन्नड दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीतली बातमी सकाळी भाषांतर करून लावणं हेही त्याच खान्यात येतं. सरकारी प्रसिद्धीपत्रक दोघांनाही आलेलं असेल, तर त्यावरून दोघांनी लिहायला हरकत नाही. अशा वेळी दोन बातम्या सारख्या दिसल्या म्हणून चोरीचा आरोप करणं घाईचं ठरतं.

मजकुराचा मालक कोण, वार्ताहर की पोर्टल?

तक्रार करायला बसल्यावर पहिला प्रश्न हाच येतो, आणि बहुतेक वाद इथंच अडखळतो. पगारी नोकरीत असलेल्या पत्रकारानं कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार वृत्तपत्राच्या मालकाकडे जातो. पण तालुक्याच्या गावातून बातमीमागे मानधन घेणारा वार्ताहर सहसा असा नोकर नसतो. कागदावर काहीच ठरलेलं नसेल तर त्याच्या मजकुराचा आणि फोटोचा मालक तोच.

अशा मजकुरासाठी पोर्टलनं नोटीस काढली, तर समोरचा वकील एकच प्रश्न विचारेल : 'हक्क तुमच्याकडे असल्याचा कागद दाखवा.'

हा कागद एका पानाचा असला तरी चालतो. कलम १९ नुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात काम कोणतं, हक्क कोणते, मोबदला किती, मुदत किती आणि क्षेत्र कोणतं हे असावं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते. क्षेत्र लिहिलं नाही तर भारतापुरतं. संपूर्ण हक्क घ्यायचे नसतील तर फक्त प्रकाशनाचा परवाना आणि वार्ताहराच्या वतीनं तक्रार करण्याचं अधिकारपत्र एवढं घेतलं तरी काम भागतं. वार्ताहराच्या दृष्टीनं हा दुसरा मार्ग जास्त न्याय्य, कारण पुढे पुस्तक करायचं झालं तर त्याचा मजकूर त्याच्याकडेच राहतो.

वाचकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंचंही तसंच. 'हा फोटो तुम्हीच काढला का? नावासह वापरू का?' असं विचारून आलेलं 'हो' हे उत्तर जपून ठेवावं. ग्रुपवर फिरत आलेला फोटो कुणाचा आहे हे माहीत नसताना तो लावणारं पोर्टल दुसऱ्याला चोर म्हणायला गेलं, तर अडचणीत येतं.

उचलेगिरी सापडली; आता क्रमानं काय?

आधी पुरावा. फोन उचलून भांडण्याआधी नकलेच्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात वेबपत्ता, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पान जतनही करावं. 'इंटरनेट अर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'वर त्या पानाची प्रत नोंदवता येते, आणि ती पुढे कुणाला बदलता येत नाही. आपल्या बाजूची मूळ फाइल, कॅमेऱ्यातला न कापलेला फोटो, पोर्टलवर बातमी लागल्याची वेळ हेही एका फोल्डरमध्ये ठेवावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचा हॅश क्रमांक द्यावा लागतो. म्हणून मूळ फाइल ज्या फोनवर आहे तो फोन विकून टाकू नये, इतकं तरी पाळावं.

मग साधं पत्र. पुष्कळदा समोर एखादा पगारी मुलगा बसलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो. ईमेलनं मूळ लिंक, नकलेची लिंक, कोणते परिच्छेद किंवा फोटो उचलले, आणि काय हवं आहे ते लिहावं : मजकूर काढा, किंवा नावासह दोन परिच्छेद ठेवून लिंक द्या, किंवा मोबदला द्या. उत्तरासाठी दोन-तीन दिवसांची मुदत. पत्राचा दुसरा उपयोगही आहे. 'हे कुणाचं आहे ते मला माहीतच नव्हतं' हा बचाव कायद्यात नुकसानभरपाई टाळायला उपयोगी पडतो. पत्र पोचल्यावर तो उरत नाही.

पत्रात धमकी घालू नये. 'एक कोटीचा दावा ठोकू' असली भाषा अंगाशी येऊ शकते. कलम ६० नुसार निराधार धमकी मिळालेला माणूस उलट न्यायालयात जाऊन ती थांबवण्याचा आदेश आणि भरपाई मागू शकतो.

उत्तर आलं नाही तर मजकूर ज्याच्या यंत्रणेवर आहे त्याला गाठायचं. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांच्याकडे कॉपीराइट तक्रारीचे तयार अर्ज आहेत. स्वतंत्र वेबसाइट असेल तर ती कोणत्या होस्टिंग कंपनीकडे आहे हे 'हू-इज' नोंदीवरून किंवा तशा मोफत साधनांवरून सहसा शोधता येतं. कंपनी अमेरिकेतली असेल तर तिथल्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याखालची सूचना चालते, आणि ती पाठवायला अमेरिकन वकील लागत नाही. गूगलकडे वेगळा अर्ज करून नकलेचं पान शोधनिकालांतून काढून घेता येतं. जाहिरात-यंत्रणेकडेही तक्रार करता येते. उत्पन्न अडलं की न वाचलेलं पत्र लगेच वाचलं जातं.

भारतातल्या यंत्रणांसाठी कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ आहे. योग्य नमुन्यात लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थानं ३६ तासांत त्या मजकुराकडे जाणारी वाट बंद करायची असते. पण त्यात एक मेख आहे. ही बंदी २१ दिवसांची. तेवढ्यात तक्रारदारानं न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर मजकूर पुन्हा खुला करता येतो, आणि दावा दाखल करण्याची हमी तक्रारीतच द्यावी लागते. त्यामुळे उठसूट या नियमाचा आधार घेण्यात अर्थ नाही. बातमीचं आयुष्य दोन दिवसांचं असतं, तिच्यासाठी २१ दिवस पुरून उरतात. वर्षभर खपून केलेल्या लेखमालेचा प्रश्न असेल, तर मात्र वकिलाशी बोलूनच हे पाऊल टाकावं.

आधी न्यायालयाचा आदेश आणा, मगच काढतो, असं एखाद्या मंचानं सांगितलं तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा डिसेंबर २०१६ चा मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स हा निकाल दाखवता येतो. कॉपीराइटच्या बाबतीत हक्कदारानं नेमकी माहिती दिली की मंचाला 'माहिती झाली' असं त्यात धरलं गेलं. 'आमचं सगळं चोरलंय' एवढं मोघम लिहून मात्र भागत नाही. प्रत्येक लिंक द्यावी लागते.

कोर्टाची आणि ठाण्याची पायरी

कॉपीराइट कायदा केंद्राचा आहे. बेळगाव, चंदगड, पणजी, बिदर, कुठंही तोच. सीमेचा वाद निदान या बाबतीत आडवा येत नाही. कलम ६२ नुसार तक्रारदार जिथं राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा दाखल करता येतो. समोरची साइट पुण्या-मुंबईची असली तरी निपाणीच्या पोर्टलचालकाला तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. दाव्याचं मूल्य ३ लाख रुपये किंवा अधिक असेल तर प्रकरण वाणिज्य न्यायालयाच्या कक्षेत जातं, आणि तातडीचा मनाई आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीची पायरी चढावी लागते. न्यायालय मनाई आदेश देऊ शकतं, नुकसानभरपाई देऊ शकतं, समोरच्यानं कमावलेल्या पैशाचा हिशेबही मागू शकतं.

जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा गुन्हाही आहे. कलम ६३ नुसार किमान ६ महिने ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२२ च्या निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात स्पष्ट केलं. पोलीस ठाण्यात 'हे दिवाणी आहे, कोर्टात जा' असं ऐकावं लागू शकतं; तेव्हा या निकालाची प्रत सोबत असलेली बरी.

तरीही एका बातमीसाठी एखाद्या पोरावर अजामीनपात्र गुन्हा लावणं शहाणपणाचं आहे का, याचा विचार आधी करावा. सराईतपणे, रोज, जाहिरातीसाठी मजकूर उपसणाऱ्या साइटसाठी ही पायरी आहे. गावच्या तरुण मंडळाच्या पानानं उत्साहात फोटो उचलला असेल, तर एक फोन पुरतो.

हत्यार दोन्ही बाजूंनी चालतं

यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक बसले की चॅनेल बंद होऊ शकतं. बातम्या वाचून दाखवणाऱ्या चॅनेलविरुद्ध हा धाक उपयोगी आहे. पण मे २०२५ मध्ये काही यूट्यूबरनी एएनआय या वृत्तसंस्थेवर जाहीर आरोप केला की, काही सेकंदांच्या क्लिपसाठी स्ट्राइक देऊन त्या मागे घेण्यासाठी मोठ्या रकमेचे परवाने घ्यायला सांगितलं जातं. आपण कायदेशीर हक्कच बजावत आहोत, अशी एएनआयची भूमिका होती. त्या वादात कुणाचं बरोबर हे बाजूला ठेवलं तरी मुद्दा उरतो. मोठ्या संस्थेकडे तक्रारी करायला माणसं असतात. छोटं पोर्टल एका स्ट्राइकनं हडबडून जातं.

नगरपालिकेच्या सभेतला नगरसेवकाचा व्हिडिओ दाखवून टीका केली म्हणून कुणी खोटी कॉपीराइट तक्रार केली, तर उत्तर देण्याची सोय आहे. डीएमसीएखाली प्रतिसूचना दिल्यावर तक्रारदार न्यायालयात गेला नाही, तर १० ते १४ कामाच्या दिवसांत मजकूर परत लावावा लागतो. ही वाट माहीत नसल्यामुळे भीतीपोटी खरी बातमी काढून टाकण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आता उचलणारी यंत्रंही आली

माणसानं केलेली कॉपी निदान दिसते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या साइटवरचा मजकूर वाचून आपल्या यंत्रांना शिकवतात, तेव्हा नक्कल कुठल्या पानावर सापडत नाही. एएनआयनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला तो याच मुद्द्यावर. पुढे इतर प्रकाशकांच्या संघटनाही त्यात सामील झाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीनं एक मसुदा पुढे ठेवला. त्यात यंत्रांना शिकवण्यासाठी मजकूर वापरू द्यावाच लागेल, पण निर्मात्याला मोबदला मिळेल, अशी रचना सुचवली आहे.

मराठीसाठी यातला प्रश्न वेगळा आहे. मोबदला वाटायची वेळ आली तर कुणाचा मजकूर किती वापरला याचा हिशेब लागेल. वार्ताहराच्या नावाविना, तारखेविना पडलेला मजकूर त्या हिशेबात येणार नाही. साइटवर 'रोबोट्स' फाइल ठेवून अशा यंत्रांना मनाई लिहिता येते. ती विनंतीसारखी असते, कुलपासारखी नसते, पण आपली मनाई होती याचा लेखी पुरावा तरी राहतो.

सीमाभागापुरतं एक सामंजस्य

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातली मराठी पोर्टलं एकमेकांची स्पर्धक आहेत, आणि एकमेकांचे वाचकही. कोर्टकचेरी कुणालाच परवडणारी नाही. म्हणून आपापसात चार गोष्टी ठरवून टाकता येतील. दुसऱ्याची बातमी घ्यायची तर वार्ताहराच्या नावासह पहिला परिच्छेद आणि लिंक, त्यापुढे नाही. फोटो विचारल्याशिवाय नाही. रात्री-अपरात्री विचारता यावं म्हणून प्रत्येक पोर्टलचा एक नंबर सर्वांकडे. आणि मूळ बातमीत दुरुस्ती झाली की ज्यांनी ती घेतली त्यांना कळवायचं, त्यांनीही त्याच दिवशी बदल करायचा.

बाहेरच्या मोठ्या साइटनं मजकूर उचलला तर चार पोर्टलनी मिळून सही केलेलं एक पत्र, एकट्यानं केलेल्या दहा फोनपेक्षा जास्त काम करतं. तालुक्याच्या वार्ताहराशी एका पानाचा कागद, लेखाखाली हक्क राखीव असल्याची ओळ, आणि मूळ फोटोंचं जपून ठेवलेलं फोल्डर, एवढी तयारी एका संध्याकाळची आहे. हत्तीची पुढची बातमी लागायच्या आत ती करून ठेवावी.